मीटर २० दाखवतो आणि स्पीकर घुं करतो: एसीवरून १२ व्होल्ट डीसी काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२-०-१२, ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घेतला. मधली तार आणि कडेची एक तार वापरून १२ व्होल्ट एसी काढले, चार १एन४००७ डायोडचा ब्रिज केला (डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो, चारांचा ब्रिज एसीचं डीसी करतो) आणि पुढे १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावला. मीटर लावला तर १२ ऐवजी २० व्होल्ट डीसी दिसतात. छोटा अँप्लिफायर बोर्ड जोडला की स्पीकरमधून सतत 'घुं' येतो, आणि आवाज वाढवला की फाटतो. डायोड खराब आहेत का? शिवाय ट्रान्सफॉर्मर वगळून थेट २३० वरून १२ व्होल्ट काढायचे व्हिडिओ दिसतात, तसं केलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते वाचायच्या आत कोणी बोर्डात हात घालायला नको. तसं करू नका. का, ते पुढे येईलच.

आता तुमच्या सर्किटबद्दल. ते बरोबर आहे. २० व्होल्ट दिसायलाच हवेत, आणि एवढ्या सामानात घुं यायलाही हवा. दुकानात ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी बहुतेक वेळा डायोड दोन-तीनदा बदललेले असतात, कारण मीटरवर आकडा चुकीचा दिसला की संशय पहिला डायोडवर जातो. पण रिकाम्या पुरवठ्यावर मोजलेला आकडा फारसं काही सांगत नाही. लोड, म्हणजे करंट ओढणारी वस्तू, टाकल्यावर मीटर काय म्हणतो ते बघायचं असतं. तुमच्या दोन्ही अडचणी तिथेच सुटतात.

आधी ते २० कुठून आले ते बघू. ट्रान्सफॉर्मरवर १२ छापलेलं असतं ते दोन अटींवर. एक, समोरून २३० व्होल्ट येत असतील तर. दोन, त्याच्यावर लिहिलेला पूर्ण करंट, तुमच्या बाबतीत ५०० मिली, ओढला जात असेल तर. छोट्या ट्रान्सफॉर्मरची तार बारीक असते, करंट वाहू लागला की तिच्यातच काही व्होल्ट पडतात. म्हणून बनवणारा मुळातच थोडे वेढे जास्त घालतो, म्हणजे पूर्ण लोडवर बरोबर १२ उरतील. हाच ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना मीटर एसीवर ठेवून मोजा. १४ ते १५ दिसतील.

आता ते १५ व्होल्ट म्हणजे लहरीचं टोक नव्हे. एसीचा आकडा हा त्याच्या तापवण्याच्या ताकदीवरून ठरवलेला असतो: तेवढ्याच व्होल्टच्या डीसीने हीटर जेवढा तापेल तेवढा. लाट मात्र त्याच्या १.४१४ पट उंच जाते. घरातल्या २३० ची लाट ३२५ व्होल्टपर्यंत चढते आणि तेवढीच खाली उतरते, सेकंदाला ५० वेळा. तुमच्या १५ ची लाट २१ पर्यंत जाते. ब्रिजमध्ये करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो, तिथे मिळून एक-सव्वा व्होल्ट जातो. उरले २०. कपॅसिटर लाटेचं टोक धरून ठेवतो, म्हणून मीटर २० दाखवतो.

हे नुसतं मानू नका, पाच मिनिटांत करून बघा. पुरवठा बंद करा, कपॅसिटरचा एक पाय सोडवा, पुन्हा चालू करून ब्रिजच्या प्लस-मायनसवर डीसी मोजा. तेच डायोड, तोच ट्रान्सफॉर्मर, आणि मीटर १२ च्या आसपास थांबेल. बंद करून कपॅसिटर पुन्हा जोडा, मीटर परत २० वर. पहिल्या वेळी मीटरला लाटेची सरासरी दिसत होती, दुसऱ्या वेळी टोक. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी फळ्यावर लाट काढून दाखवत नाही, आधी हा कपॅसिटर काढ-घाल करायला लावतो. त्यानंतर सरासरी आणि टोक हा फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

आता घुं.

ब्रिज लाटेचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणतो, म्हणून सेकंदाला ५० ऐवजी १०० उंचवटे मिळतात. दोन उंचवट्यांच्या मधल्या काळात अँप्लिफायरला फक्त कपॅसिटर पोसतो. कपॅसिटर म्हणजे मोरीतलं पाण्याचं पिंप समजा. नळ ठरावीक वेळीच येतो, घरात वापर दिवसभर चालू. पिंप लहान असेल तर नळ यायच्या आत पातळी पार खाली जाते. किती खाली जाते त्याचा ठोकळ हिशोब सोपा आहे: करंट अँपिअरमध्ये घ्या, त्याला १०० ने भागा, पुन्हा कपॅसिटरच्या फॅरडने भागा. तुमचा बोर्ड जोरात वाजताना अर्धा अँपिअर ओढत असेल तर ०.५ भागिले १०० भागिले ०.००१, म्हणजे ५ व्होल्ट. प्रत्यक्षात थोडे कमी, चारच्या आसपास, कारण पिंप पूर्ण वेळ रिकामं होत नसतं. पण १५-१६ व्होल्टच्या पुरवठ्यात चार व्होल्टचा झोका सेकंदाला १०० वेळा बसत असेल, तर तो स्पीकरमध्ये ऐकू येणारच. तुमचा 'घुं' तो हाच. आवाज वाढवला की करंट वाढतो, झोका अजून खोल जातो, आणि गाण्याची टोकं छाटली जातात. त्यालाच तुम्ही 'फाटतो' म्हणताय.

इथे डायोड तपासून घ्यायला हरकत नाही, पण तेही कानाने कळतं. एक डायोड उघडा पडला की ब्रिज अर्धाच चालतो, १०० ऐवजी ५० ची गुणगुण येते, ती जास्त खर्जातली आणि भरड असते. खात्री करायची तर पुरवठा बंद करून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एका बाजूने ०.५ ते ०.७ च्या मधला आकडा आणि उलट बाजूने काहीच नाही, असं चारही डायोडवर आलं तर ते ठीक आहेत.

पण कपॅसिटर मोठा केला की काम झालं, असं नाही. दुसरी अडचण ट्रान्सफॉर्मरची आहे आणि ती बहुतेक व्हिडिओंमध्ये सांगितलीच जात नाही. ५०० मिलीच्या ट्रान्सफॉर्मरमधून ब्रिज-कपॅसिटर लावून ५०० मिली डीसी घेता येत नाही. पिंपाचंच उदाहरण पुढे न्या. नळ दिवसातून थोडाच वेळ येतो, पण दिवसभराचं पाणी तेवढ्या वेळात भरायचं, म्हणून तो मोठ्या धारेने यावा लागतो. डायोडसुद्धा लाटेच्या अगदी टोकापाशी थोडा वेळच उघडतात आणि तेवढ्यात मोठा करंट ढकलतात. बाहेर सरासरी अर्धा अँपिअर जात असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या तारेला तापवणारा करंट त्याच्या साधारण १.६ ते १.८ पट असतो. म्हणून माझा हिशोब असा: ट्रान्सफॉर्मरवर जो आकडा छापलाय त्याच्या ६० टक्के डीसी घ्यायचा. तुमच्या ५०० वाल्यातून ३०० मिली. त्याहून जास्त ओढलंत तर लगेच काही होणार नाही. अर्ध्या तासाने हात लावून बघा, वार्निशचा वास येत असेल.

तेव्हा अर्ध्या अँपिअरच्या कामासाठी १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. आणि इथे आणखी एक गोष्ट: १२ चा घेऊ नका, १५ चा घ्या.

कारण तुम्हाला पुढे ७८१२ लावायचा आहे. हा तीन पायांचा रेग्युलेटर आत येणारा झोका खाऊन बाहेर सपाट १२ देतो, अट एवढीच की आतला व्होल्टेज झोक्याच्या तळालासुद्धा १४ च्या खाली जाता कामा नये. सुमारे २ व्होल्ट त्याला स्वतःसाठी लागतात. आता १२ च्या ट्रान्सफॉर्मरचा हिशोब करा. लोडवर १२ ची लाट १७ पर्यंत, दोन डायोडचे जवळजवळ दोन व्होल्ट वजा (करंटचे झटके मोठे असल्याने इथे डायोड रिकाम्यापेक्षा जास्त खातात), उरले १५. कपॅसिटर २२०० चा लावला तरी झोका दोन व्होल्टच्या आसपास, तळ १३. संपलं. रेग्युलेटर असूनही घुं परत येतो, आणि माणूस दुकानात येऊन सांगतो की ७८१२ डुप्लिकेट दिला. डुप्लिकेट मिळतात हे खरं, पण या तक्रारीत दर वेळी दोष त्याचा नसतो.

१५ चा घेतला तर लाट २१, डायोड जाऊन १९, झोका जाऊन तळ १७. भरपूर जागा. संध्याकाळी गावाकडे मोटारी चालू झाल्या आणि २३० चे २०० झाले तरी तळ १४ च्या वर राहतो. ही जागा फुकट नाही, जास्तीचे व्होल्ट उष्णता होऊन बाहेर पडतात. सरासरी १८ आत, १२ बाहेर, फरक ६, गुणिले अर्धा अँपिअर, झाले ३ वॅट. नुसता ७८१२ उभा ठेवला तर ३ वॅट त्याला पेलत नाहीत. तो इतका तापतो की आतलं संरक्षण त्याला बंद करतं, थंड झाला की पुन्हा चालू. गाणं थांबून थांबून वाजतं. तळहाताएवढा अँल्युमिनियमचा तुकडा, त्याला भोक पाडून स्क्रूने घट्ट बसवलेला ७८१२ आणि मध्ये पांढऱ्या हीट सिंक पेस्टचा पातळ थर, एवढ्याने भागतं. त्याच्या पाठीचा पत्रा मधल्या पायाला, म्हणजे मायनसला, जोडलेला असतो. एकट्या ७८१२ ला मायका, म्हणजे मध्ये घालायचा वीजरोधक पातळ पापुद्रा, लागत नाही. त्याच पत्र्यावर दुसरं काही बसवणार असाल तर मात्र लागेल.

कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा, ३५ व्होल्टचा. दुकानात 'बावीसशे एमएफडी पस्तीस' म्हटलं की देतात. तुमचा २५ वाला या ट्रान्सफॉर्मरवर चालणार नाही. १५ चा ट्रान्सफॉर्मर रिकामा १८ देऊ शकतो, त्याचं टोक २५ च्या पुढे, आणि रात्री लाइन २५० झाली की अजून वर. १२ च्या ट्रान्सफॉर्मरवरसुद्धा २५ वाला मी काठावरचा समजतो. ७८१२ ला आत ३५ पर्यंत चालतं, तिथे काळजी नाही. ४७०० चा लावला तर झोका अजून निम्मा होईल, पण रेग्युलेटर असताना त्याची गरज नाही, आणि उगाच मोठा कपॅसिटर लावला की डायोडवरचे झटके वाढतात.

कपॅसिटरच्या व्होल्टचा धडा मी स्वतः आवाजाने शिकलोय. आयटीआय संपवून एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलो होतो. १२-०-१२ च्या तीन तारा, दोन पिवळ्या आणि एक काळी. मला वाटलं पिवळ्या दोन एकसारख्या, म्हणजे त्याच जोडीच्या. दोन्ही ब्रिजला दिल्या आणि काळी गुंडाळून बाजूला ठेवली. कडेच्या दोन तारांमध्ये १२ नसतात, २४ असतात. रिकाम्यावर त्याचं टोक ४० च्या घरात जातं. समोर २५ व्होल्टचा कपॅसिटर. पहिले आठ-दहा सेकंद काहीच झालं नाही, म्हणून मी मीटर घ्यायला वळलो. मग फट्कन आवाज झाला, पांढरा धूर निघाला, आणि कागदाची ओलसर गुंडाळी थेट छताच्या पंख्याला जाऊन चिकटली. वास दोन दिवस गेला नाही. वाकून बघत असतो तर डोळ्यात गेलं असतं. आजच्या कपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारख्या रेघा कोरलेल्या असतात, दाब वाढला की तिथून फाटावं म्हणून. तरीही नवं सर्किट पहिल्यांदा चालू करताना चेहरा त्याच्या वर धरू नका.

तर तारा ओळखायच्या कशा? रंगावर जाऊ नका, प्रत्येक बनवणाऱ्याचे रंग वेगळे. मीटर ओहमवर ठेवा. २३० कडची तार बारीक आणि हजारो वेढ्यांची, तिथे शंभर ते काही शे ओहम दिसतील. १५ कडची जाड, तिथे ओहम-दोन ओहम. तीन तारांमध्ये ज्या दोन तारांत सगळ्यात जास्त ओहम त्या कडेच्या, उरलेली मधली. फरक इतका थोडा असतो की स्वस्त मीटरवर कधी कधी कळत नाही. मग २३० ला जोडून एसी व्होल्ट मोजून खात्री करा, बाकी काही जोडलेलं नसताना. आणि काहीही झालं तरी २३० जाड तारेच्या बाजूला देऊ नका, ट्रान्सफॉर्मर क्षणात जातो.

आता जोडणी. सोपी गोष्ट आहे, पण एक सापळा आहे. डायोडच्या अंगावरची चंदेरी पट्टी जिथे असते तिकडून करंट बाहेर पडतो. चार डायोड चौकोनात मांडा. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना भेटतात तो कोपरा प्लस. जिथे दोन बिनपट्टीची टोकं भेटतात तो मायनस. उरलेल्या दोन कोपऱ्यांत एक पट्टी आणि एक बिनपट्टी, तिथे एसी, कुठली तार कुठेही. आमचे उस्ताद एवढंच म्हणायचे: 'पट्टीला पट्टी प्लस, मिसळ तिथे एसी.' सापळा पुढे आहे: कपॅसिटरच्या अंगावरही पट्टी असते आणि ती मायनसची असते. डायोडची पट्टी प्लसकडे आणि कपॅसिटरची मायनसकडे. दोन्हीकडे पट्टी बघून एका बाजूला जोडणारे मी मोजायचं सोडून दिलंय. उलटा लावलेला कपॅसिटर आधी तापतो आणि मग वर सांगितलेला तमाशा करतो.

हा चार डायोडचा पूल लिओ ग्रेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो, १८९७ चा. त्याच्या आधी कारोल पोलाक या पोलिश माणसाने त्याचं पेटंट घेतलं होतं, पण नाव चिकटलं ते दुसऱ्याचंच. तुमच्या टेबलावरचा पूल फार क्षुल्लक वाटत असेल तर चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला येणारी वाहिनी आठवा. विदर्भातली १५०० मेगावॅट वीज साडेसातशे किलोमीटर ५०० किलोव्होल्टच्या डीसीने इकडे येते. चंद्रपूरला एसीचं डीसी करणारे पूल याच जातीचे, फक्त तीन फेजचे आणि डायोडच्या जागी थायरिस्टर, म्हणजे हवा तेव्हाच उघडता येणारा डायोड. पडघ्याला उलटं काम होतं, डीसीचं पुन्हा एसी.

परत टेबलावर येऊ. झिरो पीसीबीवर, म्हणजे तयार भोकांच्या बोर्डावर, करा, हवेत लोंबत्या तारांवर नको. डायोड बोर्डाला चिकटवून बसवू नका, थोडे उचलून ठेवा, त्यांनाही हवा लागते. पाय अगदी अंगाला खेटून वाकवले की वरचं आवरण तडकतं. ७८१२ अक्षरं तुमच्याकडे करून धरला तर डावा पाय आत येणारा, मधला मायनस, उजवा बाहेर जाणारा. डाव्या आणि मधल्या पायात ०.३३ मायक्रोफॅरडचा, उजव्या आणि मधल्या पायात ०.१ चा छोटा कपॅसिटर, आणि दोन्ही रेग्युलेटरच्या पायांना अगदी लागून. 'मोठा २२०० चा आहेच की' म्हणून हे वगळतात. मोठा कपॅसिटर दूर असला तर ७८१२ स्वतःच थरथरायला लागतो, मीटरवर १२ दिसतात आणि तरी आवाजात खरखर राहते.

मायनसची तार कुठून घ्यायची यावर मी जरा जास्त बोलतो, कारण सगळं बरोबर असूनही घुं राहतो तेव्हा दहात पाच वेळा कारण हेच निघतं. ब्रिजच्या मायनसपासून कपॅसिटरपर्यंतच्या तारेतून भरण्याचे ते मोठे झटके जात असतात. तार कितीही जाड असली तरी तिच्या दोन टोकांत थोडे मिलिव्होल्ट पडतात. अँप्लिफायरचा मायनस तुम्ही ब्रिजपाशी जोडलात तर ते मिलिव्होल्ट थेट आवाजात मिसळतात. म्हणून ब्रिजच्या दोन तारा सरळ कपॅसिटरच्या पायांवर आणा, आणि पुढचं सगळं, रेग्युलेटर, अँप्लिफायर, एलईडी, त्या पायांवरून पुढे न्या. तसाच ट्रान्सफॉर्मर अँप्लिफायर बोर्डापासून वीतभर लांब ठेवा. अगदी जवळ असला तर तार न जोडताही गुणगुण आत शिरते. ट्रान्सफॉर्मर हातात धरून फिरवून बघा, आवाज कमी-जास्त होईल.

कपॅसिटरच्या दोन पायांत २.२ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावून टाका. बंद केल्यावर साठलेला चार्ज दहा-पंधरा सेकंदांत उतरतो. २० व्होल्टचा झटका बसत नाही, पण स्क्रू-ड्रायव्हर पडला तर ठिणगी उडते आणि रेग्युलेटर जातो.

२३० च्या बाजूला कंजुषी नको. थ्री-पिन प्लग, स्विच फेजच्या तारेवर, त्याच तारेवर २५० मिलीचा, शक्यतो स्लो-ब्लो (क्षणभराचा झटका सोसणारा), फ्यूज होल्डरमध्ये. ट्रान्सफॉर्मरचा पत्रा आणि डबा धातूचा असेल तर डबा, दोन्ही अर्थिंगला. प्रत्येक जोडावर स्लीव्ह. नुसती काळी टेप उन्हाळ्यात सुटते. डीसीकडे १ अँपिअरचा फ्यूज.

पहिल्यांदा चालू करताना २३० च्या फेजच्या तारेत सिरीजमध्ये ४० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब घाला. एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचला. एकदम सगळं जोडून चालू करू नका: आधी नुसता ट्रान्सफॉर्मर, एसी मोजा, मग ब्रिज आणि कपॅसिटर, डीसी मोजा, मग रेग्युलेटर, १२ आले का बघा. शेवटी सिरीज बल्ब काढा आणि अँप्लिफायर जोडायच्या आधी २२ ओहमचा दहा वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लोड म्हणून लावा. अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्तच करंट जाईल, रेझिस्टर चांगलाच तापेल, बोट लावू नका. दहा मिनिटं चालू द्या. आता कपॅसिटरवर मीटर डीसीला ठेवा, मग एसीला ठेवा. एसीवर दिसेल तो झोक्याचा अंदाज. मग रेग्युलेटरच्या बाहेर एसीवर मोजा: तिथे जवळजवळ शून्य हवं. तिथे शून्य असेल आणि तरी स्पीकर घुं करत असेल, तर दोष पुरवठ्यात नाही, वायरिंगमध्ये आहे.

आता ते ट्रान्सफॉर्मरविना व्हिडिओ. त्यात २३० च्या तारेत एक कपॅसिटर घालतात, पुढे ब्रिज आणि झेनर, म्हणजे व्होल्ट ठरावीक आकड्यावर धरणारा डायोड. ०.४७ मायक्रोफॅरडचा घातला तर ३४ मिलिअँपिअर मिळतात, १ मायक्रोफॅरडला ७२. म्हणजे एक छोटा एलईडी गट पेटतो. तुमच्या अर्ध्या अँपिअरसाठी ७ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टच्या वरचा, फिल्मचा कपॅसिटर लागेल. तो घ्यायला गेलात की दुकानदारच विचारेल कशाला पाहिजे. पण आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन तारा एकमेकींना कुठेच चिकटत नाहीत, मध्ये फक्त चुंबकत्व असतं. म्हणून डीसीच्या एका तारेला हात लागला तरी काही होत नाही. व्हिडिओतल्या सर्किटमध्ये तसा आडोसा नाही. टू-पिन उलटी बसली, किंवा बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे असले, की १२ व्होल्टच्या दोन्ही तारा फेजवर असतात. त्या दोघींच्या मध्ये १२, पण त्यांच्यापासून जमिनीपर्यंत २३०. मीटर तुम्हाला १२ च दाखवेल. आता अँप्लिफायरची ऑक्सची तार मोबाइलमध्ये आणि मोबाइल हातात. बंद डब्यातल्या एलईडी बल्बमध्ये हे सर्किट ठीक आहे, कारण तिथे कोणाचा हात पोहोचत नाही. स्पीकर, हेडफोन, मोबाइल, मुलांचं खेळणं, यातलं काही जोडायचं असेल तर नाही.

मोबाइलच्या चार्जरमध्ये एवढा जड ट्रान्सफॉर्मर नसतो, मग तो कसा चालतो, हे कोणीतरी विचारणारच. त्यातही ट्रान्सफॉर्मर असतो. तिथे आधी २३० चं सरळ ३२५ डीसी करतात, मग ते सेकंदाला हजारो वेळा तोडतात, आणि एवढ्या वेगाने तोडलं की बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. आडोसा तिथेही आहे. नुसता अँप्लिफायर वाजवायचा असेल आणि शिकण्यात रस नसेल, तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अॅडाप्टर विकत घ्या, स्वस्त पडेल आणि हलकाही. तसला अॅडाप्टर उघडून त्याच्या आत मात्र शिकायला जाऊ नका. तिथला ४०० व्होल्टचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चावतो.

सामान पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. ट्रान्सफॉर्मर घेताना वजन करून बघा. एकाच आकड्याचे दोन ट्रान्सफॉर्मर असतील आणि एक हाताला हलका लागला तर त्यात लोखंड आणि तांबं दोन्ही कमी घातलंय.

तुमचा ५०० मिलीवाला फेकू नका. त्याच ब्रिजवर आणि त्याच १००० च्या कपॅसिटरवर ७८०९, म्हणजे ९ व्होल्ट देणारा रेग्युलेटर, लावा आणि घरातल्या नऊ व्होल्टच्या जुन्या रेडिओला द्या. शंभर मिलीच्या आत काम आहे, हीट सिंकसुद्धा लागणार नाही. मीडियम वेव्ह ऐकणाऱ्याला तोडून चालणाऱ्या अॅडाप्टरपेक्षा हा पुरवठा कितीतरी शांत. एखाद वेळी असं होईल की स्टेशन नसताना रेडिओ गप्प, आणि स्टेशन लागलं की नेमका तेव्हाच घुं. ती पुरवठ्यातली गुणगुण नसते. उघडझाप करणारे डायोड रेडिओच्या लहरीत मिसळतात म्हणून ती येते, आणि कपॅसिटर कितीही मोठा केला तरी जात नाही. चारही डायोडवर एकेक ०.०१ मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा डिस्क कपॅसिटर डाख देऊन टाका, जाईल.